हाताला मार्क देताना

काही वर्षांपूर्वी एका पोट्ट्याला मी टाक्यांच्या परीक्षेत दहापैकी दहा दिले. फोमच्या तुकड्यावर आठ टाके, सगळे सारख्या अंतरावर, गाठी सगळ्या एका बाजूला, मशीनवर शिवल्यासारखे. तो तुकडा मी कौतुकाने डिपार्टमेंटच्या बोर्डवर टाचून ठेवला. दोनेक महिन्यांनी तोच मुलगा मायनर ओटीत (छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत) एका पोटरीच्या जखमेला टाके घालत होता आणि मी सहज दारात उभी राहिले. दातवाल्या चिमटीने त्याने चामडीची कड अशी आवळली होती, जशी प्लंबर पकडीने नळ आवळतो. एका टाक्यासाठी सुई तीनदा आत-बाहेर. शेवटी टाके सुरेखच दिसले. चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा कड काळी पडली होती.

त्याला काय बोलणार? दहापैकी दहा मीच दिले होते. परीक्षेच्या दिवशी मी टेबलांवरून फिरायची तेव्हा पोरं शिवून झालेली, हात मागे बांधून उभी असायची. मी फोम बघायची. हात कधी बघितलाच नव्हता.

त्यानंतर माझी शिकवायची आणि मार्क द्यायची रीत हळूहळू बदलली, ती इथे लिहिते आहे. सत्तावीस वर्षं जनरल सर्जरी शिकवली, नागपुरातच. आता निवृत्त आहे, पण महिन्यातले दोन शनिवार पोरं-पोरी घरी येतात. खालच्या खोलीत जेवणाचं जुनं टेबल आणि दोन ट्यूबलाइट एवढीच आमची स्किल लॅब. हे लिखाण नव्याने असिस्टंट प्रोफेसर झालेल्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या गळ्यात ‘यूजींचं (एमबीबीएसच्या पोरांचं) स्किल तू बघून घे’ हे काम पडलं आहे अशा जेआर-थ्रींसाठी, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटांसाठी.

आधी किती शिकवायचं ते ठरवा

पहिली चूक इथेच होते. सर्जनला शिकवायला दिलं की तो हर्निया शिकवतो. एमबीबीएसच्या पोराला हर्निया नको आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात सर्जरीत ज्या गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवायच्या आहेत त्यांची यादी छोटी आहे: साधे टाके, जखमेची निगा, पट्टी बांधणं, वरवरच्या गळवाला चीर देऊन पू काढणं आणि अपघाताच्या पेशंटला सुरुवातीला सांभाळणं. बस. मी यातलंही पहिल्या सहा महिन्यांसाठी चारच घेते: हत्यारं धरणं, एक-एक सुटा टाका, गाठ, आणि टाके काढणं. टाके काढणं बहुतेक जण शिकवतच नाहीत, ‘त्यात काय, कापायचं अन् ओढायचं’ म्हणतात. मग इंटर्न बाहेर राहिलेला मळका धागा चामडीच्या आतून ओढत नेतो. गाठ उचलायची, तिच्या खाली चामडीलगत कापायचं, म्हणजे बाहेरचा भाग आतून जात नाही. शिकवायला दोन मिनिटं लागतात.

संत्रं, टरबूज आणि सायकलची ट्यूब

सिलिकॉनचे स्किन पॅड छान असतात. पण दोनशे पोरांच्या बॅचमध्ये दहा पॅड आले की ते कपाटात जातात, आणि कपाटाची चावी कोणाकडे आहे ते शोधण्यात पोरांची पोस्टिंग, म्हणजे सर्जरीत काम शिकायची ठरलेली मुदत, संपते. म्हणून मी बाजारावर विसंबते.

पहिला महिना संत्र्याचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, आतल्या फाकींना घट्ट चिकटलेली नसते, आणि हाच तिचा गुण. तीन नंबरच्या हँडलला पंधरा नंबरचं ब्लेड लावायचं (ब्लेड आर्टरी फोर्सेप्सने, म्हणजे लॉकवाल्या चिमट्याने, लावायचं-काढायचं, बोटांनी कधीच नाही), सालीवर चार सेंटिमीटरची सरळ चीर द्यायची. फक्त साल कापली गेली पाहिजे. रस आला म्हणजे खोल गेलात. मग कात्रीची बंद टोकं चिरेत घालून आत उघडायची आणि साल फाकीपासून सोडवायची. चामडीखालचा थर सोडवताना जे करतो तेच. शेवटी ती चीर शिवायची. सालीला ताण सोसत नाही. गाठ जरा जास्त ओढली की धागा साल कापत बाहेर येतो, आणि पोराला न सांगता कळतं की कडा भेटवायच्या असतात, आवळायच्या नसतात. मला तरी यापेक्षा स्वस्त मास्तर सापडलेला नाही.

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात, मृगाची उन्हाळा लागेपर्यंत पुरतात. मे महिन्यात संत्रं नाही, तेव्हा टरबूज, म्हणजे कलिंगड. इथे पोरांना मी सुश्रुत सांगते, आणि मिरवायला म्हणून सांगत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा सगळा सरावावरच आहे. चीर देण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर करायचा. शिवण्याचा सराव दाट विणीच्या कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. शीर उघडण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. पट्टी बांधण्याचा पुतळ्यावर. एकेका कामाला वेगळी वस्तू, कारण एकेका कामात हाताला वेगळं काहीतरी कळायला हवं. आपण मात्र सगळ्याला एकच फोम देतो.

फोम वाईट नाही. गादीवाल्याकडून जाड फोमचा तुकडा आणि सीटकव्हरवाल्याकडून रेक्झिनची कातरण आणा, एकावर एक चिकटवा, पहिले टाके त्यावर घालू द्या. पण फोम क्षमाशील असतो. कितीही चिरडा, काळा पडत नाही. म्हणून दुसऱ्या महिन्यात मी कोंबडीची तंगडी आणते, चमडीसकट. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो सवयीने चमडी ओढून काढतो. कोंबडीची चमडी पातळ असते, चिमटीने आवळली की तिथेच फाटते. ज्या पोरांनी फोमवर मशीनसारखे टाके घातलेले असतात, त्यातली निम्मी इथे रडकुंडीला येतात.

बकऱ्याचे पायेही चालतात, पण भाजलेले नकोत. भाजलं की चामडी पापडासारखी होते. न भाजता आणा आणि रेझरने केस काढा. नागपूरच्या उन्हाळ्यात मटण-कोंबडीचा काहीही प्रकार बर्फाच्या डब्याशिवाय ठेवू नका. दुपारी दोनला काढलेली तंगडी साडेतीनला वास मारते, हे मी एकदाच शिकले आणि शेजाऱ्यांनी माझ्याहून नीट शिकलं. ज्यांना मांसाला हात लावायचा नाही अशी पोरं दर बॅचला असतात. त्यांना सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून द्या. ती मागे ओढते, कडा आपोआप आत वळतात, आणि त्या बाहेर वळवून शिवणं हा चांगलाच व्यायाम आहे.

मुदत संपलेले धागे ओटीच्या सिस्टरकडे मिळतात. ते मागताना एक पथ्य पाळा: पाकिटं ओटीतून निघतानाच त्यांवर लाल मार्करने ‘सराव’ लिहून वेगळ्या डब्यात टाका. सरावाचं पाकीट चुकून परत कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये जाणं किती सोपं आहे, ते कुठलीही जुनी सिस्टर सांगेल.

पहिला तास शिवायचं नाही

पहिल्या तासाला मी धागा देतच नाही. नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायची लॉकवाली पकड, घ्या, उघडा, बंद करा. लॉक ‘टक्’ करून लागतं आणि ‘टक्’ करून सुटतं, ते न बघता, मनगट न हलवता पन्नास वेळा. मग सुई पकडायची: टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर, नीडल होल्डरच्या चोचीच्या टोकाशी. अगदी मागे पकडली तर वाकते, पुढे पकडली तर पुरेशी आत जात नाही. सुई चामडीत काटकोनात शिरते आणि तिच्या गोलाईने फिरत बाहेर येते. ढकलायची नसते, मनगट फिरवायचं असतं, स्क्रू ड्रायव्हर फिरवतो तसं. चिमटी पेनासारखी धरायची. टेबल कोपराच्या उंचीला हवं. खुर्ची मिळाली तर बसा, उभ्याने शौर्य दाखवायची गरज नाही.

कंटाळा येतो. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे तर नर्सरी झालं.” म्हटलं, हो बेटा, नर्सरीच आहे.

तिसरी पायरी सोडू नका

टाका कसा घालून दाखवायचा याची चार पायऱ्यांची एक रीत आहे, पेटन नावाच्या ब्रिटिश सर्जनच्या नावाने ओळखली जाते. आधी शिक्षक नेहमीच्या वेगाने, न बोलता, एक टाका घालतो. मग तोच टाका सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. मग विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक फक्त ऐकेल तसं करतो. चौथ्यांदा विद्यार्थी करतो, तोंडाने म्हणत.

वेळ नसला की सगळे तिसरी पायरी गाळतात, आणि खरा माल तिथेच आहे. मी पोरांना सांगते, मी आता मठ्ठ आहे, सांगाल तेवढंच करीन.

“मॅडम, सुई घ्या.”

मी बोटांनी सुई उचलते. हशा.

“नाही नाही, नीडल होल्डरने घ्या.”

मी टोकाशी पकडते.

“मॅडम, मागे!”

मी पार मागे, धाग्यापाशी पकडते. आता कुणीतरी सांगतं, दोन-तृतीयांश. मग “घाला” म्हणतात; कडेपासून किती अंतरावर ते सांगत नाहीत, तर मी दीड सेंटिमीटरवर घालते. साधारण पाच मिलिमीटर म्हणायला हवं होतं. “गाठ बांधा” म्हणाले की मी मुद्दाम घसरती गाठ बांधते आणि ओढून दाखवते. दहा मिनिटांत कुणाच्या डोक्यात काय नाही ते सगळं टेबलावर येतं. लेखी परीक्षेत हे कळत नाही, कारण लेखीत सगळ्यांनीच ‘काटकोनात’ लिहिलेलं असतं.

डावखुरी पोरं

मी स्वतः डावखुरी. विद्यार्थिदशेत एका सरांनी माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर आर्टरी फोर्सेप्सने मारलं होतं, आणि ‘सर्जरी उजव्या हाताची विद्या आहे’ म्हणाले होते. मी दोन वर्षं उजव्या हाताने शिवत राहिले, वाईट. मग एका सिनियर रेसिडेंट ताईने एका रात्रीच्या ड्यूटीत मला समोर बसवलं आणि म्हणाली, “माझ्याकडे आरशात बघतेयस असं समज.” ती उजव्या हाताची, मी डाव्या. तिचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर. पहाटेपर्यंत जमलं.

तेव्हा डावखुरं पोर असेल तर त्याला समोर बसवा. उजव्या हाताच्या पोरांना मात्र समोर बसवू नका, शेजारी किंवा खांद्यामागे उभं करा, नाहीतर सगळं उलटं दिसतं. नेहमीच्या नीडल होल्डरचं लॉक उजव्या अंगठ्याच्या बाहेरच्या दाबाने सुटतं. डाव्या हातात तोच दाब त्याला आणखी अडकवतो, म्हणून अंगठा आत ओढून बोटं बाहेर ढकलायची. कात्रीचंही तसंच: उजव्या हातासाठी बनलेली कात्री डाव्या हातात पाती एकमेकांपासून फाकवते, धागा कापण्याऐवजी चावते. अंगठा तळहाताकडे ओढला की कापते. टाक्याची दिशाही उलटी, डावीकडून उजवीकडे. हे एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. मला ती पाच मिनिटं मिळायला दोन वर्षं लागली.

गाठी

दोन रंगांच्या बुटाच्या नाड्या घ्या, टोकं जोडून पलंगाच्या दांडीला बांधा, घरी नेऊ द्या. दोन रंगांमुळे गाठ सपाट बसली की घसरती झाली ते लांबून दिसतं. नीडल होल्डरने गाठ बांधताना एकच नियम पक्का करा: दर वेढ्याला नीडल होल्डर दोन धाग्यांच्या मध्ये ठेवायचा, आणि हात दरवेळी उलट्या बाजूला न्यायचे. पहिल्या वेढ्याला दोन फेरे, मग एक, मग एक. नायलॉन गुळगुळीत असतो, त्याला वेढे जास्त लागतात, रेशमाला कमी.

खोलातल्या गाठीसाठी एक हलकी स्टीलची वाटी घ्या, तळाला आतून एक हूक चिकटवा आणि हुकाला गाठ बांधायला सांगा. वाटी टेबलावरून उचलली गेली म्हणजे धागा वर ओढला. पेशंटमध्ये त्या हुकाच्या जागी रक्तवाहिनी असते.

या सगळ्याला एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी नऊ ते पाचची वर्कशॉप, बॅनर, पुष्पगुच्छ, दुपारी पनीर आणि संध्याकाळी सर्टिफिकेट, या प्रकाराबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि फक्त माझंच नाही. 2006 साली टोरंटोमधल्या सर्जनांनी रेसिडेंटांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. एका गटाला चारही सत्रं एकाच दिवशी, दुसऱ्याला आठवड्याला एक. महिन्याभराने तपासलं तेव्हा आठवड्यावाल्यांचे हात सरस निघाले. शिकवण्याचे तास दोघांचे सारखेच होते.

मार्क

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडे बहुधा लॉगबुक असेल, त्यात प्रत्येक कामापुढे बी, एम किंवा ई लिहायचं: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं, अपेक्षेपेक्षा जास्त. मग पूर्ण झालं, पुन्हा करावं, की खास मदत द्यावी, हा निर्णय आणि सही. रचना चांगली आहे. व्यवहारात पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी साठ लॉगबुकं टेबलावर येतात आणि सगळ्यांना एम मिळतो.

हात बघायचा तर कशाकडे बघायचं, ते आधी लिहून ठेवावं लागतं. 1975 साली स्कॉटलंडमध्ये डंडी इथे हार्डन यांनी वेगवेगळ्या टेबलांवर ठरलेल्या वेळात ठरलेलं काम करून दाखवायची परीक्षा सुरू केली. आपली ‘ऑस्की’ ती. तिचं सर्जरीतलं भावंड टोरंटो विद्यापीठात रेझनिक आणि सहकाऱ्यांनी बनवलं, 1997 साली ते ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापून आलं: ओसॅट्स. त्यात परीक्षक कामाच्या वेळी समोर उभा राहतो आणि सात गोष्टींना प्रत्येकी 1 ते 5 देतो. चामडी-मांसाला किती जपलं, वेळ आणि हालचाली, हत्यार कसं हाताळलं, हत्यारांची ओळख, मदतनिसाचा उपयोग, कामाचा ओघ, आणि त्या शस्त्रक्रियेची माहिती. पैकीच्या पैकी पस्तीस.

हे रेसिडेंटांसाठी बनवलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या पोराला मदतनीस कसा वापरलास असं विचारणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला ट्रॅफिक पोलिसाशी कसा वागलास विचारणं. म्हणून मी चारच ठेवते: जपणूक, हालचाल, हत्यार, ओघ. आणि आकड्यांसमोर अर्थ लिहिते, कारण ‘3 म्हणजे ठीक’ म्हटलं की तुमचा ठीक आणि माझा ठीक वेगळा.

जपणुकीचा 1 म्हणजे कड पूर्ण चिमटीत आवळली, दातांचे ठसे दिसतात, एकाच जागी दोनदा-तीनदा भोक. 3 म्हणजे बहुतेक वेळा हलकं धरलं, एखाद-दोनदा विसरला. 5 म्हणजे चिमटीने कड खालून उचलली, सुई एकदाच गेली, आणि दोन टाक्यांच्या मध्ये चिमटीने कडेला उगाच हात लावला नाही. हालचालीसाठी मी सरळ मोजते: एका टाक्यात सुई किती वेळा पुन्हा पकडली, हात किती वेळा हवेत थांबला. ओघाला 5 तेव्हा, जेव्हा टाका संपता संपता डोळे पुढच्या जागेवर गेलेले असतात. हे सांगून कळत नाही. चार चांगले आणि चार वाईट व्हिडिओ लावून आपल्या जेआरना आधी मार्क देऊन बघायला लावा, मग कळतं.

घड्याळाला स्वतंत्र मार्क देऊ नका. माझ्या जुन्या गुणपत्रिकेत ‘पाच मिनिटांच्या आत: 2 मार्क’ असं होतं, आणि पोरं पाच मिनिटांत काहीही करायची. वेळ संपली की थांबवा, एवढं पुरे. मी तीन टाक्यांना आठ मिनिटं देते.

टिक लावायच्या यादीचाही उपयोग आहे, विशेषतः नवशिक्यांना: हातमोजे, सुईचा कोन, कडेपासूनचं अंतर, गाठ एका बाजूला, सुया मोजून परत. पण तो पोटरीवाला पोट्टा अशा यादीत सगळ्या टिका घेऊन गेला असता. यादीने काय केलं ते कळतं, कसं केलं ते नाही. दोन्ही ठेवा, आणि दोन्हींत तफावत आली तर हाताच्या मार्कावर जा.

एका गोष्टीत मात्र 1 ते 5 नाही. सुईवर टोपण परत लावलं, सुई टेबलावर बेवारस ठेवली, किंवा बोटाने सुई सावरली, की त्या दिवशी तो विद्यार्थी नापास, बाकी कितीही सुंदर असो. सुई-ब्लेड पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यातच गेलं पाहिजे. टोचलंच तर काय, तेही इथेच शिकवा: बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लपवायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीविरुद्धची औषधं लागणार असतील तर शक्यतो दोन तासांत, आणि 72 तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत. टोचल्यावर ओरडा पडेल या भीतीने गप्प बसलेले इंटर्न मी पाहिले आहेत. असा ओरडणारा शिक्षक तुमच्या युनिटमध्ये असेल तर आधी त्याला शिकवा.

आता मोबाइल. ओसॅट्ससाठी समोर उभं राहायला माणसं लागतात, आणि ती ओपीडीत अडकलेली असतात. म्हणून टेबलाच्या वर मोबाइल टांगा, फक्त हात आणि पॅड दिसेल असा. सगळ्यांना हातमोजे, म्हणजे अंगठी, मेंदी, घड्याळ काही ओळखू येत नाही. नावाऐवजी चिठ्ठीवरचा नंबर. आवाज बंद. आठवड्याने दोघांनी वेगवेगळं बसून मार्क द्यायचे. एका मार्काहून जास्त फरक पडला तर दोघांनी मिळून तो व्हिडिओ पुन्हा बघायचा. पेशंटवर असलं चित्रीकरण करायचं नाही, फक्त पॅड आणि कोंबडी.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला लाज वाटली. एक अतिशय हुशार, तिन्ही वर्षं पहिली आलेली मुलगी होती, तिला समोरून पाहून मी जपणुकीला 4 दिले होते. चिठ्ठीवरच्या नंबराखाली तिच्याच हातांना मी 2 दिले. आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याचं नावही मला नीट येत नव्हतं, त्याला 2 दिले होते ते 4 निघाले. तो मूळचा काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग, लहानपणापासून कलमं बांधायचा. हात तयारच होते त्याचे. मी चेहरा बघून मार्क देत होते.

सांगायचं कसं, तेही थोडं. ‘छान’ म्हणून उपयोग नाही आणि ‘हे काय करून राहिलास बे’ म्हणूनही नाही. आधी त्यालाच विचारा, कुठे अडलं. बहुतेकांना माहीत असतं. मग एकच गोष्ट सांगा, पुढच्या शनिवारी तीच बघा. पाच चुका सांगितल्या की पोरगं पाचही विसरतं. मी एका वहीत प्रत्येकासमोर एकच ओळ लिहिते: ‘चिमटी’, ‘मनगट’, ‘घाई’. पुढच्या वेळी त्या शब्दाशिवाय दुसरं काही बघत नाही.

पेशंटपर्यंत

चारही गोष्टींत सलग दोनदा 3 किंवा वर आले, आणि सुईच्या बाबतीत एकदाही चूक नाही, तर मायनर ओटी. त्याआधी नाही, कॅज्युअल्टीत कितीही गर्दी असो. पेशंटला सांगायचं की टाके विद्यार्थी घालणार, मी शेजारी आहे. बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हणाले तर तो विषय तिथेच संपला, चेहरा पाडायचा नाही.

सुन्न करण्याच्या औषधाचा हिशोब तोंडी विचारा, कागदावर नको. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम. अॅड्रेनलिनशिवाय मी किलोला 3 मिलिग्रॅम असा सावध हिशोब धरते. 50 किलोच्या बाईला 150 मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिलिटर. हा गुणाकार हातात सिरिंज घेण्याआधी झाला पाहिजे.

आणि ज्याने घातले, टाके काढायला त्यालाच बोलवा. पोस्टिंग बदललेली असली तरी फोन करून बोलवा. चेहऱ्याचे पाच दिवसांत, डोक्याचे आठवडा-दहा दिवसांत, हातापायाचे दहा ते चौदा दिवसांत निघतात. तारीख त्याच्या वहीत लिहायला लावा.

निवृत्त होण्याआधीच्या एका थंडीत कॉटन मार्केटमधल्या एका भाजीवाल्या बाई हातावर विळी लागून आल्या होत्या. सहा टाके आमच्या एका फायनल इयरच्या मुलीने घातले, मी शेजारी. बाई मला विचारत होत्या, “पोरगी करून राहिली का जी? करू दे.” बाराव्या दिवशी मुलगी आली, स्वतःच टाके काढले. जखम छान जुळली होती, एक जागा सोडून. चौथ्या टाक्याखाली दोन आडव्या रेघा उमटल्या होत्या, गाठ आवळली गेली होती तिथे. मी काही बोलायच्या आधीच तिने बोट ठेवून मला ती जागा दाखवली. लॉगबुकात मी एम लिहिला. ई का नाही, ते तिने विचारलं नाही.